सीनायचा मठ कोणी राखला?

इजिप्तच्या सीनाय द्वीपकल्पाच्या दक्षिण भागात, जबल मूसा या २२८५ मीटर उंचीच्या डोंगराच्या पायथ्याशी, एका अरुंद खोऱ्यात संत कॅथरीनचा मठ आहे. सहाव्या शतकात बायझंटाइन सम्राट जस्टिनियनने तो बांधवला. त्यानंतर या मुलखावर अरब खलिफांचा अंमल आला. पुढे फातिमी, अय्यूबी, मामलुक आणि ऑटोमन आले, नेपोलियनचे सैन्य येऊन गेले, इंग्रजांचा वरचष्मा आला आणि सरला, १९६७च्या युद्धानंतर काही वर्षे इस्रायलचा ताबाही राहिला. या सगळ्या उलथापालथीत मठ ग्रीक ऑर्थोडॉक्स साधूंच्याच हाती राहिला. जस्टिनियनच्या तटाच्या आत, जस्टिनियनच्याच चर्चमध्ये, आजही नित्य उपासना चालते. दोन हजारांहून अधिक आयकॉन, म्हणजे लाकडी फळ्यांवर रंगवलेली पवित्र चित्रे, आणि तीन हजारांवर हस्तलिखिते तिथे आहेत. जगात इतरत्र ज्या काळातले जवळजवळ काहीच उरलेले नाही, त्या काळातली चित्रे इथे भिंतीवर टांगलेली आहेत. हे कसे घडले, याचे ठरलेले उत्तर म्हणजे वाळवंट. मठ दूर होता, वाट बिकट होती, हवा कोरडी होती, म्हणून सगळे टिकले, असे प्रवासवर्णनांपासून कलेतिहासाच्या ग्रंथांपर्यंत सर्वत्र वाचायला मिळते. हे उत्तर मला अपुरे वाटते. मठाच्या बांधकामात, चित्रांत आणि कागदपत्रांत जो पुरावा आहे तो वेगळीच दिशा दाखवतो. हा मठ कधीच एकटा नव्हता. तो टिकला तो दूरदूरच्या माणसांशी आणि सत्तांशी जोडलेला राहिला म्हणून, आणि आतल्या वस्तू शतकानुशतके वापरात राहिल्या म्हणून.

सुरुवात जागेपासूनच करू. इथे साधू जस्टिनियनच्या कितीतरी आधीपासून राहत होते. चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाची एक यात्रेकरू स्त्री पश्चिम युरोपातून इथवर आली, आणि तिच्या वृत्तांतात साधूंच्या झोपड्या, एक चर्च, बाग आणि त्या बागेतले झुडूप यांचे वर्णन आहे. जळत असूनही भस्म न होणाऱ्या ज्या झुडपातून देव मोशेशी बोलला, ते हेच, अशी श्रद्धा. म्हणजे ज्या ठिकाणाला आपण जगाच्या टोकाचे म्हणतो, तिथे युरोपच्या दुसऱ्या टोकाहून माणसे सोळाशे वर्षांपूर्वीच येत होती. जस्टिनियनने तट बांधला तो या झुडपाला धरून. हा तट ग्रॅनाइटचा आणि भक्कम आहे, पण किल्ला म्हणून त्याची जागा चुकलेली आहे: खोऱ्याच्या तळाशी, दोन्ही बाजूंच्या कड्यांवरून आत दगड टाकता येतील अशी. दहाव्या शतकातला अलेक्झांड्रियाचा पॅट्रिआर्क, म्हणजे मुख्य धर्माध्यक्ष, युतिखिअस याने तर अशी कथा नोंदवली आहे की, किल्ला डोंगरमाथ्यावर का बांधला नाही म्हणून सम्राटाने बांधणाऱ्याचा शिरच्छेद करवला. कथा खरी असो वा नसो, ती रचणाऱ्यांना हे दिसत होते की हा तट शत्रूला फार काळ थोपवू शकणार नाही. जागा ठरली ती पावित्र्यावरून, युद्धशास्त्रावरून नव्हे. तेव्हा मठाच्या दीर्घायुष्याचे श्रेय तटाला देता येत नाही.

चर्चच्या छताकडे पाहिले की या वास्तूमागची माणसे अधिक स्पष्ट दिसतात. लाकडी कैच्या सहाव्या शतकातल्याच आहेत. मागाहून बसवलेल्या सपाट छतामुळे त्या आता खालून दिसत नाहीत. त्यांच्या तीन तुळयांवर ग्रीक लेख कोरलेले आहेत. एकात सम्राट जस्टिनियनच्या कल्याणाची प्रार्थना आहे, दुसऱ्यात दिवंगत सम्राज्ञी थिओडोराच्या आत्म्यासाठी. थिओडोरा ५४८ साली वारली, जस्टिनियन ५६५ साली. म्हणून छत या सतरा वर्षांतले, हे निश्चित ठरते. तिसरा लेख बांधणाऱ्याचा. ऐला, म्हणजे आजचे अकाबा, इथला स्टेफानोस स्वतःसाठी, घरच्यांसाठी आणि निवर्तलेल्या मुलांसाठी देवाची करुणा मागतो. साम्राज्याचा धनी, त्याची राणी आणि जवळच्या बंदरगावचा एक बांधकामी माणूस एकाच छताखाली नोंदलेले आहेत. दारे पाहा: मुख्य सभागृहाची लाकडी दारे जस्टिनियनच्या काळातली, तर त्यांच्या बाहेरच्या ओवरीची दारे मुसलमान फातिमी राजवटीच्या काळातली. सभागृहात ग्रॅनाइटचे अखंड दगडात घडवलेले बारा खांब आहेत. वर्षाचे बारा महिने म्हणून त्या त्या महिन्यातल्या संतांची चित्रे त्या त्या खांबाशी लावण्याची प्रथा आहे.

वेदीच्या मागच्या अर्धघुमटातले मोझेइक हा या मठाचा सर्वात मोठा ठेवा. विषय येशूच्या रूपांतराचा: डोंगरावर शिष्यांसमोर त्याचे रूप पालटले आणि तो तेजाने झळकू लागला, तो प्रसंग. मध्यभागी येशू, एका बाजूला एलीया, दुसऱ्या बाजूला मोशे. खाली योहान आणि याकोब गुडघ्यांवर, आणि पेत्र नुकताच झोपेतून उठल्यासारखा जमिनीवर आडवा. मागे डोंगर नाही, झाड नाही, गाव नाही. फक्त सोनेरी काच. येशूभोवतीचे अंडाकृती वलय निळ्या रंगाच्या छटांचे आहे, आणि त्यात गंमत अशी की सर्वात गडद छटा आत, येशूच्या लगत आहे. बाहेर जावे तसतशी ती फिकट होत जाते. दिव्याभोवतीचा उजेड याच्या नेमका उलट असतो. देवाच्या जितके जवळ जावे तितके डोळ्यांना दिसेनासे होते, हा पूर्वेकडील ख्रिस्ती साधूंचा अनुभव काचेच्या बारीक तुकड्यांतून इतक्या नेमकेपणाने मांडलेला मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. वलयातून निघणारे किरण शिष्यांच्या वस्त्रांवरून जातात तिथे वस्त्रांचा रंगही उजळतो. कारागिराने हे हिशेबाने केलेले आहे. मोशे आणि एलीया या दोघांची निवडही या जागेला विशेष लागू पडते, कारण दोघांनाही देवाचे दर्शन याच पर्वतावर झाले असे बायबल सांगते. वर खिडकीच्या दोन बाजूंना मोशे पुन्हा येतो: एकीकडे झुडपापुढे पायताण सोडताना, दुसरीकडे आज्ञापट घेताना. मोझेइकच्या मागेच जळत्या झुडपाचे छोटे प्रार्थनास्थळ आहे आणि तिथे आजही अनवाणीच शिरतात. चित्र, प्रसंग आणि आचार एकाच सरळ रेषेत येतात.

या मोझेइकच्या लेखात सम्राटाचे नाव नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तिथे मठाधिपती लाँगिनस आणि पुरोहित थिओडोर यांची नावे आहेत, आणि कोपऱ्यांतल्या वर्तुळांत लाँगिनसचे व योहान नावाच्या डीकनचे चेहरे. त्यांच्या डोक्यांमागची प्रभावळ चौकोनी आहे, म्हणजे चित्र घडले तेव्हा ही माणसे हयात होती. छत आणि तट राजधानीच्या पैशाने उभे राहिले असतील, पण चित्रावर सही आहे ती मठाची. कारागीर कॉन्स्टँटिनोपलचे होते की पॅलेस्टाइनचे, यावर अभ्यासकांत वाद आहे. ते या वाळवंटातले मात्र नव्हते. सोन्याचा वर्ख दिलेली काच इथे होत नव्हती. ती दूरवरून उंटांच्या पाठीवर आली. दुर्गमता म्हणजे तुटलेपण असे धरून चालणाऱ्यांनी या काचेचा प्रवास डोळ्यांपुढे आणावा.

आता वाळवंटाच्या बाजूने जे म्हणता येईल ते म्हणू. कोरड्या हवेत चामडे, लाकूड आणि मेण टिकते, यात शंका नाही. हेच साहित्य दमट बंदरात असते तर कीड, बुरशी आणि आग यांनी कधीच संपवले असते. परंतु कोरडी हवा वस्तूंना राखते, संस्थेला नाही. इजिप्तच्या पश्चिम वाळवंटात केलिया नावाची साधूंची मोठी वसाहत होती, शेकडो कुट्यांची. नवव्या शतकाच्या सुमाराला ती ओस पडली आणि वाळूखाली गेली. सीनायमध्येच, वादी फेरानमध्ये, फारान नावाचे बिशपपीठ होते, संत कॅथरीनच्या मठापेक्षा एके काळी अधिकाराने वरचे. आज तिथे अवशेष आहेत. नेगेव्हच्या गावांतली चर्चे, असवानजवळचा संत सिमिओनचा मठ, यांना कोरडी हवा कमी नव्हती. वाळवंट जर तारणहार असते तर हे सगळे तरले असते.

याहून जोरदार आक्षेप आहे तो मूर्तिभंजनाचा. आठव्या आणि नवव्या शतकांत, ७२६च्या सुमारापासून ८४३पर्यंत, मधल्या काही वर्षांचा अपवाद वगळता, बायझंटाइन सम्राटांनी पवित्र चित्रांवर बंदी घातली. राजधानीतली त्याआधीची चित्रे जवळजवळ सगळी नष्ट झाली. सहाव्या-सातव्या शतकांतले आयकॉन आज रोममध्ये मोजके, इजिप्तमधून आलेले काही, आणि त्यांच्या तुलनेत भरपूर ते सीनायमध्येच. मग दूर असण्यानेच ते वाचवले नाहीत का? मला वाटते, इथे अंतर आणि अंमल यांची गल्लत होते. ज्या अंतरावरून जस्टिनियनची काच आणि हुकूम पोहोचले, त्याच अंतरावरून पुढच्या सम्राटांची फर्मानेही पोहोचली असती. ती पोहोचली नाहीत, कारण ६४०च्या सुमारास हा मुलूख खिलाफतीत गेला होता आणि कॉन्स्टँटिनोपलचा हुकूम इथे चालत नव्हता. चित्रांच्या बाजूने सर्वात समर्थ ग्रंथ लिहिणारा दमास्कसचा संत योहान हाही खलिफांच्याच राज्यात राहून लिहीत होता. ख्रिस्ती चित्रकलेचा सर्वात जुना ठेवा मुसलमानी राजवटीच्या छायेत वाचला, हे वाक्य अनेकांना अडचणीचे वाटते. पुरावा मात्र तेच सांगतो.

त्या ठेव्यातला एक आयकॉन नीट पाहण्यासारखा आहे. ८४ सेंटिमीटर उंच आणि साडेपंचेचाळीस सेंटिमीटर रुंद अशी एक फळी, कडा छाटलेल्या, आणि तिच्यावर सर्वसत्ताधारी ख्रिस्ताची अर्धाकृती. तंत्र मेणरंगाचे: वितळलेल्या मेणात रंग मिसळून, ते गरम असतानाच कुंचल्याने आणि तापवलेल्या धातूच्या हत्याराने फळीवर बसवायचे. इजिप्तच्या फायूममध्ये ममींवर लावलेली माणसांची चित्रे याच पद्धतीची. मेण अर्धपारदर्शक असते, म्हणून त्वचा आतून उजळल्यासारखी भासते, आणि गालावर कुंचल्याची प्रत्येक ओढ दिसते. चेहऱ्याचे दोन भाग एकमेकांशी जुळत नाहीत. पाहणाऱ्याच्या डाव्या हाताचा अर्धा भाग शांत, भुवई सरळ, नजर मोकळी. उजव्या हाताच्या भागात भुवई उंचावलेली, डोळा कठोर, मिशीचा कोपरा खाली ओढलेला. करुणा आणि न्याय एकाच चेहऱ्यात आहेत, असे याचे स्पष्टीकरण पुष्कळजण देतात, आणि ते मला पटते. पण चित्रकाराच्या बाजूनेही पाहावे. जिवंत माणसाचा चेहरा असा असमान असतोच. तो देवाच्या चेहऱ्यात आणण्याचे धैर्य या माणसाने केले. पुढच्या काळात यावर नवे रंग चढवले गेले, आणि १९६२मध्ये ते उतरवल्यावरच हे मूळ रूप जगाला कळले.

राजकीय संरक्षणाचा मुद्दा कागदांवर उभा आहे. मठाच्या दप्तरात सर्वात प्रसिद्ध कागद म्हणजे अश्तिनामे, अर्थात करारपत्र. परंपरा सांगते की हिजरी सनाच्या दुसऱ्या वर्षी प्रेषित मुहंमदांनी साधूंना अभय दिले आणि सहीऐवजी पंजा उमटवला. मूळ कागद १५१७मध्ये इजिप्त जिंकल्यावर सुलतान सलीमने इस्तंबूलला नेला आणि मठाला नक्कल दिली, असेही सांगतात. बहुतेक आधुनिक अभ्यासक हा कागद मागाहून तयार झालेला मानतात. त्यांच्या शंका रास्त आहेत आणि मी त्या झटकून टाकत नाही. पण कागद अस्सल नसेल तर माझा मुद्दा दुबळा होतो, असे मात्र नाही. राजवट बदलली की जुनी सनद घेऊन नव्या धन्यापुढे उभे राहायचे आणि तिच्यावर नवा शिक्का मिळवायचा, ही रीत दप्तर सांभाळणाऱ्या आपल्याकडच्या कोणत्याही जुन्या देवस्थानाला ओळखीची आहे. सीनायच्या साधूंनी तेच केले. बाराव्या शतकापासूनची फातिमी फर्माने, त्यानंतर अय्यूबी, मामलुक, ऑटोमन सुलतानांचे हुकूम मठात आहेत, आणि त्यांच्या खरेपणाबद्दल वाद नाही. साधूंना त्रास देऊ नये, त्यांच्या बागांना हात लावू नये, यात्रेकरूंची वाट अडवू नये, हेच पुन्हा पुन्हा सांगितलेले आहे. एकच गोष्ट इतक्यांदा सांगावी लागली, याचा अर्थ त्रास होत होता, हाही. संरक्षण एकदा मिळाले आणि कायमचे राहिले असे नसून ते पिढ्यानपिढ्या मागून, पटवून, पैसे मोजून मिळवावे लागले. या संबंधांची किंमत होती, आणि साधूंनी ती भरली.

तटाच्या आत चर्चशेजारी एक मशीद आहे. सहाव्या शतकातली एक जुनी इमारत पालटून ती केलेली आहे, आणि तिच्यातल्या लाकडी मिंबरावर, म्हणजे प्रवचनाच्या आसनावर, हिजरी ५००, म्हणजे इ. स. ११०६ या सालाचा लेख आहे. काहींच्या मते ही मशीद मठाच्या माथी मारलेली. काहींच्या मते मठ पाडला जाऊ नये म्हणून साधूंनीच केलेली सोय. माझा कल दुसऱ्या मताकडे आहे, कारण ती मशीद पुढे साधूंनी नऊशे वर्षे जपली. शिवाय तिचे एक जिवंत कारण तटाबाहेर राहते. जबालिया नावाचे बेदुईन कूळ मठाची चाकरी करत आले आहे: बागा, वाहतूक, दुरुस्ती, पहारा. त्यांच्या पूर्वजांना जस्टिनियनने मठाच्या सेवेसाठी आणवले, अशी परंपरा आहे आणि युतिखिअसनेही तिची नोंद केली आहे. हे लोक पुढे मुसलमान झाले, चाकरी सुटली नाही. बाहेरच्या टोळ्यांशी बोलणी करताना, धान्य येताना, यात्रेकरू नेताना मठाला यांचाच आधार होता. कित्येक वर्षे मठाचे दार बंद ठेवून माणसांना दोरखंडाने वर ओढून घेतले जाई, ही गोष्ट युरोपीय प्रवाशांनी रंगवून लिहिली. तो दोर खाली ज्यांच्या हाती असे त्यांच्याविषयी मात्र त्यांनी फार कमी लिहिले. मठाच्या इतिहासात जबालियांना तळटीप म्हणून नव्हे, आश्रयदात्यांच्या बरोबरीने जागा मिळायला हवी.

दूरचे आधारही थोडे नव्हते. १२१७मध्ये रोमच्या पोप होनोरियस तिसऱ्याने मठाच्या मालमत्तांना मान्यता दिली, आणि त्या इजिप्तपासून सायप्रस, क्रीटपर्यंत पसरलेल्या होत्या. पंथाने परक्या असलेल्या पोपचाही कागद साधूंनी मिळवला, हे लक्षात घ्यावे. ज्या कॅथरीनचे नाव मठाला लागले ती अलेक्झांड्रियाची हुतात्मा. तिचा लौकिक पश्चिम युरोपात वाढला तसे मठाचे तिथले भक्तही वाढले, आणि मूळचे मरियेच्या नावाचे हे स्थान हळूहळू कॅथरीनचे झाले. व्हेनिसच्या अमलाखालच्या क्रीटमध्ये मठाच्या शाखा होत्या, आणि क्रीटचे चित्रकार मठासाठी काम करत. त्याच बेटावर जन्मलेल्या एल ग्रेकोने सीनायचा पर्वत आणि मठ रंगवला. वालाचिया आणि मोल्डाविया या संस्थानांतल्या जमिनींचे उत्पन्न १८६३पर्यंत पूर्वेकडच्या पवित्र स्थानांना जात होते, त्यात सीनायचाही वाटा होता. नेपोलियनच्या काळात पावसाने कोसळलेला तटाचा भाग फ्रेंचांनी बांधून दिला.

मठाच्या आतली वस्तीही एकरंगी नव्हती. ग्रंथालयातली सुमारे दोन तृतीयांश हस्तलिखिते ग्रीक. उरलेली अरबी, सिरियाक, जॉर्जियन, स्लाव्ह आणि इतर भाषांतली. ११००च्या सुमारास इओआनिस तोहाबी नावाच्या जॉर्जियन साधूने इथे आयकॉन रंगवले आणि त्यांवर ग्रीक व जॉर्जियन अशा दोन्ही लिपींत लिहिले. बाराव्या शतकातल्या एका आयकॉनमध्ये साधूंची रांग शिडी चढते आहे आणि काळी, पंखांची भुते त्यांना दोरांनी, आकड्यांनी खाली ओढत आहेत. ही शिडी सातव्या शतकातल्या इथल्याच मठाधिपतीच्या, संत योहान क्लिमाकसच्या, तीस पायऱ्यांच्या ग्रंथातली. चर्मपत्र महाग असल्याने जुना मजकूर खरवडून त्यावर नवा लिहिण्याची पद्धत होती, आणि अशा पुनर्लिखित पानांखाली काय काय सापडले! कॉकेशस भागातल्या अल्बानियन लोकांची भाषा शिलालेखांच्या काही तुकड्यांपलीकडे हरवली होती. तिचे सलग मजकूर सीनायच्या जॉर्जियन पानांखाली मिळाले आणि ती भाषा पुन्हा वाचता येऊ लागली. २०११पासून काही वर्षे वेगवेगळ्या तरंगलांबीच्या प्रकाशात छायाचित्रे घेऊन अशा चौऱ्याहत्तर हस्तलिखितांचे खालचे थर वाचण्याचे काम मठाच्या सहकार्याने झाले.

इथे जुना आरोप पुढे येतो: साधूंना आपल्या ग्रंथांची किंमत कळत नव्हती. हा आरोप रुजवला तो जर्मन विद्वान कॉन्स्टँटिन टिशेनडॉर्फने. चौथ्या शतकात चर्मपत्रावर लिहिलेल्या ग्रीक बायबलची ४३ पाने त्याने १८४४मध्ये नेली, आणि ती जाळण्यासाठी टोपलीत टाकलेली होती असे नंतर सांगितले. १८५९मध्ये त्याने त्याच ग्रंथाची ३४७ पाने परत करण्याच्या लेखी हमीवर घेतली आणि रशियाच्या झारला नेऊन दिली. १८६९मध्ये देणगीपत्र झाले. त्या वेळी मठात आर्चबिशपपदाचा तंटा चालू होता आणि रशियाचा पाठिंबा हवा होता. १९३३मध्ये सोव्हिएत सरकारने तो ग्रंथ एक लाख पौंडांना ब्रिटिश म्युझियमला विकला. टोपलीच्या गोष्टीला टिशेनडॉर्फखेरीज साक्षीदार नाही, आणि जो माणूस पाने घेऊन गेला त्याच्याच तोंडची ही गोष्ट आहे. ज्या चर्मपत्रावर पुन्हा लिहिता येते ते जाळतील कशाला, हाही प्रश्न आहेच. उलट पुरावा १९७५मध्ये निघाला. उत्तरेकडच्या तटातल्या एका बुजलेल्या खोलीत सुमारे अकराशे हस्तलिखिते आणि त्यांचे तुकडे मिळाले, त्यात याच बायबलची बारा पाने आणि काही तुकडेही होते. फाटकी, सुटी झालेली पानेसुद्धा टाकून न देता ठेवलेली होती. नंतर खोली बुजली आणि विस्मरणात गेली, ही हेळसांड म्हणता येईल. पण जाळणारी माणसे तुकडे साठवत नाहीत. १८९२मध्ये अॅग्नेस स्मिथ लुईस आणि तिची जुळी बहीण मार्गारेट गिब्सन केंब्रिजहून आल्या, साधूंशी ग्रीकमध्ये बोलल्या, पानांची छायाचित्रे घेतली आणि ग्रंथ जागच्या जागी ठेवून गेल्या. संत स्त्रियांच्या चरित्रांखाली दडलेला सिरियाक शुभवर्तमानांचा फार जुना पाठ त्यांच्यामुळे उजेडात आला. तो ग्रंथ आजही सीनायमध्येच आहे. विश्वासाने आलेल्यांना साधूंनी दारे उघडली, हे या दोन प्रकरणांच्या फरकावरून दिसते.

शेवटचा आक्षेप कलेतिहासकारांचा, आणि तो सरसकट खोडून काढता येत नाही. चालत्या उपासनेने कलेचे नुकसान होते. धूप-दिव्यांची काजळी बसते, भक्तीने चित्रांवर पुन्हा रंग दिला जातो. १६१२मध्ये क्रीटच्या येरेमियास पल्लादासने केलेला उंच, कोरीव आयकॉन-पडदा वेदीपुढे उभा राहिला, आणि त्याच्यामुळे ते अद्वितीय मोझेइक सभागृहातून अर्धेअधिक झाकले गेले. हे सगळे खरे. तरीही मी वापराच्याच बाजूने उभा राहीन. ज्या ख्रिस्ताच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग चढला त्याखाली मूळ मेण सुरक्षित राहिले. मठातून एकोणिसाव्या शतकात किएव्हला गेलेले चार जुने मेणरंगी आयकॉन संग्रहालयात होते, आणि युद्धामुळे २०२३मध्ये त्यांना पॅरिसच्या लूव्रमध्ये हलवावे लागले. संग्रहालयाची काच म्हणजे निर्धोक जागा, असा अनुभव नाही. शिवाय, वापरणाऱ्यांनीच जाणकारांना बोलावले. कुर्ट वाइट्समन आणि जॉर्ज फोर्सिथ यांच्या मोहिमांना १९५६ ते १९६५ या काळात मठाने काम करू दिले, मोझेइकची डागडुजी तेव्हा आणि पुन्हा या शतकात झाली, ग्रंथालय नव्याने बांधून २०१७मध्ये उघडले. बायबलच्या त्या ग्रंथाची चार ठिकाणी विखुरलेली पाने २००९मध्ये संगणकावर एकत्र आणताना मठ बरोबरीचा भागीदार होता.

आज मठात वीस-पंचवीस साधू आहेत. २००२पासून हा परिसर जागतिक वारसा आहे. २८ मे २०२५ रोजी इस्माइलियाच्या अपील न्यायालयाने निकाल दिला की मठाच्या ताब्यातल्या जमिनी राज्याच्या मालकीच्या आहेत आणि साधूंना त्या वापरण्याचा हक्क आहे. मठाने आणि ग्रीसने हरकत घेतली. इजिप्तच्या सरकारने मठाच्या पावित्र्याला धक्का लागणार नाही असे सांगितले. मालकी आणि वापर यांतला हा भेद कायद्याच्या दृष्टीने नवा नाही, आणि निव्वळ वापराच्या हक्कावरही मठ चालू शकेल असे कुणी म्हणेल. पण वापराचा हक्क देणाऱ्याला तो आवळताही येतो, आणि बागा, विहिरी, बाहेरची प्रार्थनास्थळे यांच्यावाचून मठाचा व्यवहार चालत नाही. जबालियांची रोजीही त्यांच्याशीच बांधलेली आहे. पूर्वीच्या फर्मानांत साधूंच्या बागांचा आणि वाटांचा नावानिशी उल्लेख असे, कारण लिहून घेणाऱ्यांना माहीत होते की मोघम अभय उपयोगी पडत नाही. इजिप्तच्या प्रजासत्ताकाकडून आता जो कागद मठाला मिळेल त्यातही तेवढाच नेमका तपशील असला पाहिजे, आणि तो मागण्याचा मठाला पूर्ण हक्क आहे.